मिरर मारायच्या आधी नॉर्थ बघा: नागपूरच्या आर्किटेक्ट सर-मॅडमना खुलं पत्र

नागपूरच्या समस्त आर्किटेक्ट सर आणि मॅडमना नमस्कार,

आधीच सांगून ठेवतो, मी आर्किटेक्ट नाही. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, २००१ पासून तुमच्यासारख्यांच्याच ऑफिसांमध्ये ड्रॉइंग करून राहिलो, म्हणजे सुरुवातीला ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंग पेन, चुकलं की ब्लेडनं हळूच खरवडायचं, अमोनियाचा वास मारणारे प्रिंट सायकलच्या कॅरिअरला बांधून साइटवर पोचवायचे, आणि मग ऑटोकॅड. आता घरूनच कामं घेतो. त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सहीच्या वर जे ड्रॉइंग असतं ते माझ्या नाहीतर माझ्यासारख्याच कोणाच्या तरी हातचं असतं. कोणाचं नाव घेणार नाही, भांडणही नाही, पोट अजून याच कामावर आहे.

साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बिल्डरची पार्किंग प्लस चार मजल्यांची स्कीम आमच्या ऑफिसनं केली होती, छान झाली, फटाफट विकली गेली. रस्ता प्लॉटच्या पश्चिमेला होता म्हणून जिना, लिफ्ट, टॉयलेट सगळं रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, आणि बेडरूम मागं पूर्वेला. सरांनी विचार करून केलं होतं, मला आठवतं, त्यांनी बटर पेपरवर सूर्याचा गोळा काढून बाण मारले होते. वर्षभरानं त्याच बिल्डरनं त्याच रस्त्यावर समोरचा प्लॉट घेतला. म्हणे तोच प्लॅन हवा, हिट आहे, बदलू नका. आता रस्ता पूर्वेला. सर त्या दिवशी कुठल्याशा हिअरिंगच्या धावपळीत होते, जाता जाता म्हणाले, "अरे तोच मिरर मार न, संध्याकाळी सबमिशनची प्रिंट दे."

मी मारला, म्हणजे आख्खा प्लॅन आरशात दिसतो तसा उलटा केला. एमआय, एंटर, सिलेक्ट, दोन क्लिक. दहा सेकंद पण नाही लागले. जिना, लिफ्ट, टॉयलेट गेलं पूर्वेला आणि आठ फ्लॅटच्या सगळ्या बेडरूम आल्या पश्चिमेला, उघड्यावर, समोर झाड नाही बिल्डिंग नाही. नॉर्थचा बाण मात्र मी एकदम बरोबर लावला बरं का, ऑब्जेक्शन यायला नको म्हणून.

पुढं काय झालं असेल ते ओळखलं असेलच तुम्ही. काही वर्षांनी मी घर शोधत होतो, बजेट लहान, आणि त्याच बिल्डिंगमधला सगळ्यात वरचा फ्लॅट रिसेलला स्वस्तात मिळाला. काऊन स्वस्त मिळाला ते पहिल्या एप्रिलमध्येच कळलं. मागच्या बेडरूममध्ये आई-बाबा झोपतात. रात्री ११ वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर तव्यावरून भाकर उतरवल्यावर तवा कसा बराच वेळ गरम राहते, तशी लागते. थर्मामीटर टांगला आहे तिथं, मे महिन्यात रात्री ११ ला ३८ दाखवतो. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत भिंत दिवसभराचं ऊन परत देत बसते. बाबा एकदा म्हणाले, "ही खोली कोण्या शहाण्यानं काढली रे?" मी काही बोललो नाही.

नागपूरचा उन्हाळा काय आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं. २०२४ च्या मे अखेरीस तर रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ दाखवलं आणि देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आपल्याला हसू आलं, पण खरं सांगा, पहिल्यांदा आकडा वाचला तेव्हा कोणाला खोटा वाटला होता? मे संपता संपता इथं एक दिवस असा येतो की बाराच्या सुमाराला माणसाची सावलीच पडत नाही, सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि तेव्हाच नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला असतो. म्हणजे छत आणि पश्चिम, नागपुरात घर भाजते ते या दोन बाजूंनी. दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दीड फुटाचा छज्जा टाकला तर मार्च अखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भर दुपारचं ऊन काचेवर येत नाही, आणि डिसेंबरात सूर्य ४५ डिग्रीवर उतरतो तेव्हा तेच ऊन छज्ज्याखालून मस्त आत येते. हे मला तुमच्यातल्याच एका सरांनी शिकवलं, चहाच्या टपरीवर, काडेपेटी उभी धरून. पश्चिमेला हा छज्जा काही कामाचा नाही, कारण संध्याकाळी पाच वाजता सूर्य समोरून डोळ्यात घुसते, तिथं उभ्या फिन, म्हणजे आडोशाच्या पट्ट्या, लागतात, जाळी लागते, नाहीतर गॅलरी, कडुनिंब, किंवा सरळ जिना-टॉयलेट-स्टोअर त्या बाजूला ढकलून द्यायचं. पहिल्या प्लॉटवर आमच्या सरांनी हेच केलं होतं की! एक रुपया जास्तीचा लागला नव्हता. आणि दुसऱ्या प्लॉटवर तेच फुकटचं डोकं आम्ही दहा सेकंदात उलटं करून टाकलं.

आता तुमचं म्हणणं मला पाठ आहे, वीस-बावीस वर्षं ऐकतो आहे. क्लायंट ऐकत नाही. बिल्डरला एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधता येते त्याचा, शेवटचा फूट पण हवा असतो. फी देताना हात आखडतो आणि एलिव्हेशनला, म्हणजे दर्शनी बाजूला, काच आणि एसीपीचे चकचकीत पत्रे लावा म्हणतो कारण वर्धा रोडवर सगळ्यांनी लावलं आहे. आमच्या हातात काय आहे, आम्ही तर फक्त सही करणारे. खोटं नाही हे. पण मग एक गंमत सांगतो. आमच्या ऑफिसात एकदा वास्तुवाले आले, स्लॅब टाकून झालेला, त्यांनी सांगितलं मास्टर बेडरूम नैऋत्येलाच पाहिजे आणि ईशान्येचं टॉयलेट हलवा. बिल्डरनं ब्रेकर मागवून सळया कापल्या, खर्च स्वतः केला, वर त्यांना पाकीट दिलं. कोणी म्हटलं नाही की क्लायंट ऐकत नाही. त्या माणसाकडं आर्किटेक्ट कौन्सिलचा नोंदणी नंबर नाही, डिग्री नाही, कोणता कायदा पाठीशी नाही, फक्त तो ठामपणे बोलला. आणि विनोद असा की नैऋत्य म्हणजे नागपुरातला चांगलाच तापणारा कोपरा, छज्जा नसेल तर दुपारचं दक्षिणेचं आणि संध्याकाळचं पश्चिमेचं असं दोन्ही ऊन खाणारा, तिथंच आपण घरातल्या मोठ्या माणसांना झोपवतो. त्या दिवशी सर गप्प बसले, मीही बसलो.

मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या अगदी तोंडावर, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा ऑफिसात किती कल्ला झाला होता आठवतं. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टचं कलम ३७ फक्त 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवते, डिझाइन करणं, सुपरव्हिजन करणं हे काम दुसऱ्या कोणाला बंद करत नाही, असं कोर्टानं म्हटलं. तुमच्या ग्रुपवर लोक भडकले होते की मग पाच वर्षं कशाला शिकलो, उद्या कोणीही उठेल आणि नकाशा काढेल. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटते, छोटा माणूस आहे म्हणून बोलायला भीती वाटते पण बोलतो, की उपाधी राखली म्हणजे काहीच नाही राखलं असं कसं? लोक त्या शब्दावर भरवसा ठेवतात म्हणून तर तो राखला. माझी आई ब्रोशरवर 'आर्किटेक्ट' वाचते तेव्हा तिला वाटते की कोणीतरी शिकलेल्या माणसानं बघितलं आहे, ऊन कुठून येते, वारा कुठून येते, बघूनच केलं असेल.

आणि सहीची ताकद कमी होऊन राहिली असं तर अजिबात नाही. २०२० च्या युनिफाइड डीसीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमांत, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला तुमच्या दाखल्यावर आणि फी भरल्याच्या पावतीवर काम सुरू करता येते. १५० चौरस मीटर म्हणजे आपल्याकडचा सोळाशे फुटाचा प्लॉट, म्हणजे मानेवाडा, बेसा, दिघोरी, हिंगणा, कुठंही जा, अर्धं नागपूर त्याच साइजच्या तुकड्यांवर उभं आहे. रेरामध्ये बिल्डरला वेगळ्या खात्यातून पैसे काढायचे तर काम किती झालं याचं सर्टिफिकेट आर्किटेक्टचं लागते, इंजिनिअर आणि सीएच्या जोडीला. म्हणजे बँक तुमच्या सहीवर पैसे सोडते. कॉर्पोरेशन तुमच्या सहीवर फाईल सोडते. मग त्याच सहीत पश्चिमेच्या खिडकीपुरता दम नाही असं म्हटलं तर कोण मानेल सर?

कायदे-कोड आहेत हो, मला माहिती आहे. इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीचा ऊर्जा बचतीचा कोड, २०१८ ची आहे, नागपूर तिच्यात कंपोझिट क्लायमेटमध्ये येते, भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता चौरस मीटरमागे १५ वॅटच्या आत ठेवा म्हणते आणि छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून उष्णता किती आत येते त्याचं माप, १.२ च्या आत. नुसत्या पाच-सहा इंची स्लॅबची ती याच्या जवळपास तिप्पट भरते. पण २०१८ ची ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी. मोठ्या कमर्शियल बिल्डिंगला ईसीबीसी नावाचा तसाच कोड आहे, तेही १०० किलोवॅट लोडपासून पुढं. मधलं सगळं, म्हणजे खरं नागपूर, कोणत्याच कोडमध्ये सापडत नाही. तिथं कोडच्या जागी तुम्हीच आहात, दुसरं कोणी नाही.

कूलरबद्दल तर बोलायलाच हवं, कारण याच्यावर मला मनापासून राग आहे. नागपूर म्हणजे कूलरचं शहर. मार्च लागला की गल्लोगल्ली पत्रे ठोकल्याचा आवाज, वूडवूलच्या टाट्या बदलणं, टिल्लू पंप दुरुस्त करणं. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलर एसीच्या तोंडात मारतो, बिल बघितलं तर काही तुलनाच नाही, आणि वाळ्याचा वास वरून फुकट. पण कूलरला दोन गोष्टी लागतात, बाहेरच्या बाजूला उभं राहायला जागा, आणि आत आलेली हवा बाहेर जायला समोरची उघडी खिडकी. ती नसली की खोलीत नुसता ओलावा भरतो आणि माणूस चिकट होऊन बसतो. आता आपल्या फ्लॅटचे प्लॅन काढून बघा. बेडरूमला एक खिडकी, दुसरी बाजू डक्टकडं, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडं, तो डक्ट तीन बाय चारचा, त्यात ड्रेनेजचे पाइप आणि सगळ्यांचे एसीचे आउटडोअर गरम हवा एकमेकांच्या तोंडावर फेकतात. कूलरचं स्टँड कुठं लावायचं ते ड्रॉइंगमध्ये नाही, मग लोक ग्रिलवर अँगल वेल्डिंग करून लटकवतात, टाकीचं पाणी खालच्याच्या कपड्यांवर गळते, सोसायटीत भांडणं. मी बावीस-तेवीस वर्षांत शेकडो सबमिशन ड्रॉइंग केले, सोफा काढला, डायनिंग टेबल काढला, ब्लॉकमधून कमोड उचलून टाकले, पण कूलर काढा असं मला एकाही सरांनी कधी सांगितलं नाही. ज्या वस्तूवर आख्खं शहर चार महिने जगते ती तुमच्या ड्रॉइंगमध्ये नाही. मग ज्याला परवडत नाही तोही हप्त्यावर एसी घेतो, आणि त्याची वीज इथूनच, कोराडी-खापरखेड्यात कोळसा जाळून येते, ती राख पुन्हा आपल्याच आजूबाजूला. सस्टेनेबल म्हणून जे सेमिनारमध्ये बोलतात ते मला एवढंच समजते.

छताचं पण तसंच. वरच्या मजल्यावाल्याचे हाल मी सांगितले. जुने लोक चायना मोझॅक करायचे, पांढऱ्या तुकड्यांचं, ऊन परत फेकायचं ते. आता वॉटरप्रूफिंगवाला काळा डांबरी मेंब्रेन गुंडाळून जातो आणि त्याच्यावर कोणी काही टाकत नाही. तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच आणली. आपल्याकडं कोणी पॉलिसी आणेल तेव्हा आणेल, पण टेंडरच्या स्पेसिफिकेशनमध्ये छताला पांढरा कोट ही एक ओळ टाकायला कोणाची परवानगी लागते? ती शीट तर मीच टाइप करतो, सर सांगतील तर उद्या टाकतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडं वर्षाला मीटरभर पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर लाखभर लिटर. हार्वेस्टिंग ५०० चौरस मीटरपासून सक्तीचं, त्याच्या खाली कोणी विचारत नाही, आणि जिथं सक्तीचं तिथं ओसी, म्हणजे भोगवटा दाखला, मिळण्यापुरता खड्डा. मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. मग २३ सप्टेंबर २०२३ सारखी रात्र येते, अंबाझरी भरून वाहते, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये शिरते आणि आपण सगळं खापर नाल्यावर फोडतो. नाल्याचा दोष आहेच, पण आपल्या पेव्हरवरूनही पाणी तिकडंच गेलं न.

ग्रीन रेटिंगवाल्यांनी रागावू नये. मानांकन मिळालं की ३, ५, ७ टक्के एफएसआय जास्त मिळतो, 'गृहा' संस्थेचे स्टार किंवा आयजीबीसी संस्थेचं सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम, चांगलंच आहे. पण मी अशा फायली जवळून बघितल्या आहेत, त्यात पॉइंट कुठून सहज निघतात ते आधी बघतात, मग एलईडी लावले, नळाला एरेटर लावले, पाटी लागली, आणि बेडरूम? पश्चिमेलाच. वरून मिळालेल्या एफएसआयमध्ये अजून एक पश्चिमेची बेडरूम. सगळेच असं करतात असं म्हणत नाही मी. काही ऑफिसं खरंच जीव लावून करतात, मी त्यांच्याकडंही काम केलं आहे आणि तिथं पगार उशिरा व्हायचा, हे पण खरं.

कोणी म्हणेल हा जुन्या वाड्यात परत जा म्हणून राहिला. तसं नाही. सेवाग्रामला बापू कुटी बघायला शाळेपासून किती वेळा गेलो, १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, कुटीच्या मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, खाली उतरलेलं छप्पर, मे महिन्यात आत पाय ठेवला की अंगावरून कोणीतरी गरम चादर ओढून घेतल्यासारखं वाटते. पण मनीषनगरात कोणी मातीची कुटी बांधणार नाही, मीही राहणार नाही, पाली पडतात. त्या कुटीतून घ्यायचं ते एवढंच की ऊन भिंतीपर्यंत पोचूच दिलेलं नाही. स्लॅब-ब्लॉकमध्येही हे होते. तुम्हाला येते, तुम्हाला शिकवलं आहे, इथल्या व्हीएनआयटी कॉलेजातून आलेली इंटर्न मुलं सन पाथ डायग्राम, म्हणजे सूर्याच्या वाटेचा नकाशा, किती सुंदर काढतात, आणि सहा महिन्यांत आमच्यासारखीच मिरर मारायला लागतात.

म्हणून मागणी एकच आहे, आणि ती कोणत्या खात्याकडं नाही, तुमच्याकडं आहे. प्रत्येक प्लॅनच्या सेटमध्ये एक शीट जास्तीची लावा, ए-फोर चालेल. त्यात साध्या मराठीत लिहा की या घराच्या पश्चिमेला काय आहे आणि उन्हासाठी काय केलं, छतावर काय टाकलं, कूलर कुठं बसेल आणि त्याची हवा कुठून बाहेर जाईल. आणि तुम्ही सुचवलं होतं पण मालकानं नको म्हटलं, तर तेही लिहा, तारखेसकट, आणि खाली सही-शिक्का. घर घेणाऱ्याला ती शीट ब्रोशरसोबत मिळू द्या. बिल्डर चिडेल, पहिल्यांदा चिडेलच, पण नको म्हटल्याचं कागदावर येणार म्हटलं की दहातले दोन तरी फिन लावायला तयार होतील असं मला वाटते, कारण वास्तुवाल्याच्या बोलण्याला घाबरतात ते तुमच्या कागदालाही घाबरतील. आणि नाही झाले तयार तरी माझ्यासारख्या घेणाऱ्याला आधी कळेल. शीट मी फुकट करून देतो, टेम्प्लेट तयार आहे, मागा.

फीचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूनं आहे. सहीचे पाच-दहा हजार घेऊन न बघता शिक्का मारणारे तुमच्यातच आहेत, सगळ्या गावाला माहिती आहे कोणत्या गल्लीत बसतात, आणि त्यांच्यामुळे तुमची फी पडते. १९८९ चे प्रोफेशनल कंडक्टचे नियम आहेत, कौन्सिलकडं तक्रार करता येते, नाव काढून टाकण्यापर्यंत अधिकार आहेत. पण तक्रार कोण करेल? मी केली तर उद्या काम कोण देईल. तुम्ही एकमेकांची करत नाही, कारण कधीतरी आपल्यालाही सही लागते.

बाबांच्या खोलीला यंदा बाहेरून बांबूच्या चटया टांगल्या आहेत, दोरीनं, दिसायला बेकार दिसते, सोसायटीची नोटीस आली आहे की एलिव्हेशन खराब होते. त्या एलिव्हेशनचं ड्रॉइंग पण माझंच आहे. उत्तर अजून दिलं नाही.

आणि काल एक काम आलं आहे, बेसा रोडचं. मेलमध्ये एकच ओळ, मागचाच प्लॅन मिरर करून पाठव, अर्जंट. मी फोन करून विचारलं, सर, रस्ता कोणत्या बाजूला आहे? ते म्हणाले साइटवर गेलो नाही अजून, सोमवारी बघून सांगतो. फाईल उघडून ठेवली आहे. सोमवारपर्यंत थांबतो.

आपला,
एक ड्राफ्ट्समन
नागपूर